मराठी दस्तऐवजाची दुरुस्ती: हात कीबोर्डवर ठेवावा की माउसवर?

मराठी संगणक-टंकलेखनाच्या शासकीय प्रमाणपत्र परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग पाहिला जातो. तयार मजकूर दुरुस्त करण्याच्या वेगाची परीक्षा मात्र कोठेच होत नाही. कोल्हापुरात खरेदीखते, प्रतिज्ञापत्रे आणि शिवाजी विद्यापीठाला सादर होणारे प्रबंध टंकित करून देण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाल्यापासून मूळ मराठी कागद आणि त्याचा इंग्रजी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून जुळवण्याचे कामही अधूनमधून माझ्याकडे येते. या सगळ्यात नवा मजकूर टंकित करण्यात दिवसाचा लहानसा भाग जातो. बाकीचा दिवस एखादे कलम खाली नेण्यात, वेलांटी बदलण्यात, कोणाच्या तरी नावामागचे ‘श्री.’ काढून ‘कै.’ लावण्यात आणि पुन्हा पहिल्या पानावर येऊन तेच करण्यात संपतो.

हे काम मी तीन रीतींनी करून पाहिले आहे: जवळपास सर्व काही माउसने, जवळपास सर्व काही कीबोर्डने, आणि उजवा हात माउसवर व डावा कीबोर्डवर ठेवून मिश्र पद्धतीने. यांपैकी कोणती सवय लावून घ्यावी असे नव्याने या कामात येणारी मुले विचारतात, तेव्हा मी त्यांना जे सांगतो तेच येथे थोडे सविस्तर लिहीत आहे. कॉपी, पेस्ट आणि अन्डू यांच्या कळा सर्वांना ठाऊक असतात, म्हणून त्यांची उजळणी करत नाही. पुढील वर्णन मुख्यतः विंडोजवरील मायक्रोसॉफ्ट वर्डचे आहे.

मजकूर निवडण्याच्या कामात माउसची बाजू पहिल्याच दिवशी भक्कम वाटते. दोनदा क्लिक केले की शब्द, तीनदा केले की परिच्छेद, डाव्या समासात एकदा केले की ओळ, आणि कंट्रोल दाबून केले की वाक्य. हे शिकण्यास पाच मिनिटे पुरतात आणि एकदा शिकले की विसरत नाही. कीबोर्डवर याच कामासाठी एफ८ ही कळ आहे. ती एकदा दाबली की निवड सुरू होते, दुसऱ्यांदा दाबली की शब्द, तिसऱ्यांदा वाक्य, चौथ्यांदा परिच्छेद आणि पाचव्यांदा संपूर्ण दस्तऐवज निवडला जातो. एस्केप दाबेपर्यंत वर्ड त्याच अवस्थेत राहतो, हे लक्षात नसल्यामुळे नवशिक्याची पहिले काही दिवस फजिती होते, आणि तेवढ्यात कंटाळून बरेच जण माउसकडे परततात. त्यांना मी दोष देणार नाही.

परंतु वाक्य निवडण्याची सोय इंग्रजी मजकुरात जितकी उपयोगी पडते तितकी आपल्या कागदपत्रांत पडत नाही. पूर्णविराम आणि त्यापुढे मोकळी जागा दिसली की वर्डच्या लेखी वाक्य संपते, आणि आपल्याकडील कोणत्याही दस्तात ‘रा. कसबा बावडा, ता. करवीर, जि. कोल्हापूर’ अशी टिंबांची रांग लागलेली असते. या पत्त्यातील ‘बावडा’ शब्दावर कंट्रोल दाबून क्लिक केले, तर निवडले जाते ते फक्त ‘कसबा बावडा, ता.’ एवढेच. एफ८ तीनदा दाबूनही निष्पत्ती तीच, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फरक त्यापुढे पडतो. एफ८ एकदाच दाबून पूर्णविरामाची कळ दाबली, तर निवड पुढच्या पूर्णविरामापर्यंत जाते, पुन्हा दाबली तर त्याच्या पुढच्यापर्यंत, आणि स्वल्पविरामानेही हेच साधते. त्यामुळे पत्त्यातील टिंबे मनात मोजत बरोबर हवे तेथे थांबता येते. माउसवाल्याला अशा वेळी बटण दाबून धरून ओढत न्यावे लागते, आणि मजकूर पानाच्या तळाशी असेल तर पडदा अचानक वर सरकू लागतो व दोन ओळी हव्या असताना दीड पान निवडले जाते. एखादा मोठा परिच्छेद किंवा पूर्ण पृष्ठ निवडायचे असेल तर सुरुवातीला क्लिक करून, खाली जाऊन, शिफ्ट दाबून शेवटी क्लिक करावे. ही युक्ती माउसच्या बाजूने नोंदवून ठेवतो, कारण ती सांगूनही फारसे कोणी वापरताना दिसत नाही.

मराठी अक्षराची रचना हा तुलनेतील दुसरा मुद्दा आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या शॉर्टकटच्या याद्यांत तो कधीच सापडत नाही. आपल्या बहुतेक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात. ‘लक्ष्मीपुरी’ हा शब्द ‘लक्ष्मीपूरी’ असा आला आहे असे समजा. माउसने दुरुस्त करायचे तर ‘पू’ आणि ‘री’ यांच्या मधल्या बारीक फटीत क्लिक करावे लागते. शिरोरेघ सलग असल्यामुळे ती फट डोळ्यांना दिसते कमी आणि अंदाजाने शोधावी लागते जास्त. माझे क्लिक चारपैकी एकदा तरी शेजारच्या अक्षरावर पडते. कीबोर्डवर मात्र कंट्रोल आणि डावा बाण दाबून शब्दाच्या आरंभी यावे, उजवा बाण तीनदा दाबावा, बॅकस्पेस एकदा आणि मग ऱ्हस्व उकार. तीनदाच दाबावा लागतो, कारण बाणाची कळ ‘क्ष्मी’ हे संपूर्ण जोडाक्षर एका पावलात ओलांडते.

येथेच बॅकस्पेस आणि डिलीट यांच्या स्वभावातील फरक कामाला येतो. माझ्याकडील वर्डमध्ये बॅकस्पेस जोडाक्षराचा एकेक घटक मागून सोलत जातो, तर डिलीट समोरचे जोडाक्षर अख्खे गिळतो. ‘क्ष्मी’मध्ये क, हलन्त, ष, हलन्त, म आणि वेलांटी असे सहा घटक आहेत, नंतर उभे राहून बॅकस्पेस दाबला की केवळ वेलांटी जाते, आधी उभे राहून डिलीट दाबला की सहाच्या सहा जातात. म्हणून मात्रा बदलायची असेल तर अक्षराच्या पुढे जाऊन बॅकस्पेस, आणि अक्षरच बदलायचे असेल तर मागे राहून डिलीट, ही सवय एकदा बोटांना लागली की वेळेची बचत मोजण्याची गरज राहत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर प्रबंधाच्या एका प्रकरणाचे जे मुद्रितशोधन पूर्वी दुपारचा चहा येऊन गार होईपर्यंत चालत असे, ते आता बहुधा चहा येण्यापूर्वी संपते. चहाची वेळ नेहमी सारखी नसते, हेही मान्य आहे.

जे इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित कळमांडणीवर, टंकित करतात त्यांना यात आणखी एक फायदा मिळतो. या मांडणीत ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी इंग्रजी एफ आणि आर या कळांवर आहेत, ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकार जी आणि टी यांवर. म्हणजे दीर्घ चिन्ह ऱ्हस्वाच्या बरोबर वरच्या ओळीत आणि चारही डाव्या तर्जनीखाली. ऱ्हस्वाचे दीर्घ करणे म्हणजे एक बोट एक ओळ वर नेणे. रोमन अक्षरांतून उच्चारानुसार मराठी टंकित करणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही, आणि त्यांच्यासाठी दोन्ही बाजू थोड्या जवळ येतात.

माझा कौल मात्र यांपैकी कशानेच लागला नाही. तो लागला वर्डच्या एका सोयीमुळे, जिला सोय म्हणण्यास मी अजूनही तयार नाही: निवडलेला मजकूर माउसने उचलून दुसरीकडे टाकता येणे. ही सोय वर्डमध्ये आरंभापासून चालू असते. एखादा शब्द निवडलेला असतो, आपण निवड सोडण्यासाठी त्याच्यावरच क्लिक करतो, बटण दाबलेले असताना हात केसभर हलतो, आणि वर्ड समजतो की शब्द उचलायचा आहे. बटण सुटते तेथे शब्द पडतो. आवाज होत नाही, विचारणा होत नाही. कंट्रोल-झेड दाबून तो परत आणता येतो हे खरे, पण तो गेला आहे हे लक्षात आले तर. माझे टेबल अरुंद आहे, माउसपॅडच्या एका अंगाला कागदांचा गठ्ठा आणि दुसऱ्या अंगाला पंचिंग मशीन असते, त्यामुळे हात केसभर हलण्याचे प्रसंग माझ्याकडे अंमळ जास्तच येतात.

एका खरेदीखताच्या मसुद्यात हे घडले. मिळकतीच्या चतुःसीमा लिहिल्या होत्या: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. त्यातील ‘दक्षिणेस’ हा शब्द ठळक करण्यासाठी मी दोनदा क्लिक करून निवडला, आणि त्यानंतर केव्हातरी तो खाली घरंगळला. छापील प्रत वाचताना लिहून घेणारे काका चष्मा वर करून म्हणाले, ‘‘आमच्या जागेला दक्षिण न्हाईच काय ओ?’’ वकीलसाहेबांनी कागद हातात घेतला. चतुःसीमेत तीनच दिशा होत्या आणि चौथी, पुष्कळ शोधल्यानंतर, पुढच्या परिच्छेदात सापडली: ‘जल, तरू, तृण, दक्षिणेस, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’. शब्द शुद्ध असल्यामुळे त्याच्याखाली लाल रेघ येण्याचे कारणच नव्हते. दस्त नोंदणीला जाण्यापूर्वी हे उघडकीस आले म्हणून सर्वजण हसले. काकांनी तो परिच्छेद मसुद्यात तीनदा डोळ्यांखालून घातला नसता तर हसण्यासारखे काही उरले नसते.

ही सोय बंद करता येते. फाइलमधून ऑप्शन्समध्ये जावे, तेथे ॲडव्हान्स्ड या भागात मजकूर ओढून टाकू देण्याची एक खूण असते, ती काढावी. मग माउसवर रुसण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो रास्त आहे. माझे उत्तर इतकेच की माझे निम्मे काम दुसऱ्यांच्या संगणकांवर होते, वकिलांच्या दालनात किंवा विद्यापीठातील एखाद्या विभागात, आणि प्रत्येक ठिकाणी ती खूण काढलेली असेल अशी खात्री नसते. शिवाय त्या प्रसंगानंतर महिनाभर मी हट्टाने माउस टेबलाच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवला, आणि तेवढ्या काळात ऑल्ट-शिफ्ट आणि वर-खाली बाण ही जोडी हाताला लागली. या कळांनी कर्सर असलेला परिच्छेद जागचा उचलून एकेक पायरी वर किंवा खाली नेता येतो. काहीही निवडावे लागत नाही, कापावे लागत नाही, आणि तो कोठे चालला आहे हे डोळ्यांसमोर दिसते. चतुःसीमेच्या चार ओळींचा क्रम लावणे, प्रतिज्ञापत्रातील कलमे मागेपुढे करणे, संदर्भसूची अकारविल्हे लावणे ही कामे यामुळे इतकी निर्धास्त झाली की माउस परत जवळ आणल्यावरही त्या कामासाठी मी तो उचलला नाही. गूगल डॉक्समध्ये हीच जोडी चालते. लिबरऑफिसमध्ये मात्र कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबावे लागतात.

कीबोर्डचेही उपद्रव आहेत आणि ते लपवणे योग्य होणार नाही. ऑल्ट-शिफ्ट दाबून विचार बदलला आणि बाण न दाबताच हात उचलला, तर विंडोज ती भाषा बदलण्याची सूचना समजतो, आणि पुढची अर्धी ओळ मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरांत उमटते. बऱ्याच लॅपटॉपवर एफ८साठी एफएन कळही सोबत दाबावी लागते, म्हणजे एका बोटाचे काम दोन हातांचे होते. आवृत्ती बदलली की कळांचे अर्थही बदलतात: वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही पूर्वी अक्षरांचे स्वरूप चिकटवण्यासाठी होते, नव्या आवृत्त्यांत तेच केवळ साधा मजकूर चिकटवते. व्हॉट्सॲपवरून किंवा संकेतस्थळावरून घेतलेल्या मजकुराबरोबर येणारे परके फाँट टाळण्यासाठी हा बदल मला सोयीचा पडला, पण जुन्या आवृत्तीवर बसलो की बोटे चुकतात. माउसही यातून सुटलेला नाही. तीनदा क्लिक केल्यावर वर्ड परिच्छेद निवडतो आणि लिबरऑफिस वाक्य, त्यामुळे दोन्ही वापरणाऱ्याची गल्लत व्हायचीच.

शोधा-आणि-बदला या कामात मात्र मी कीबोर्डच्या बाजूने जरा आग्रहाने बोलेन. समजा लेखकाने सर्वत्र ‘कोल्हापुर’ असे ऱ्हस्व लिहिले आहे आणि ते ‘कोल्हापूर’ करायचे आहे. माउसने ‘सर्व बदला’वर क्लिक करण्याचा मोह होतो, आणि त्या एका क्लिकने बरोबर असलेले ‘कोल्हापुरात’ आणि ‘कोल्हापुरी’ हेही दीर्घ होऊन बसतात, कारण सामान्यरूपात ते ऱ्हस्वच हवेत. मी शोधाची चौकट एकदा उघडून बंद करतो आणि मग शिफ्ट-एफ४ दाबत एकेका ठिकाणी जातो. जेथे बदल हवा तेथे करतो, नको तेथे पुढे जातो. दोनशे पानांच्या प्रबंधातही हे वाटते तितके लांबत नाही.

मिश्र पद्धतीला मी दुय्यम लेखतो असे कोणी समजू नये. किंबहुना ती सर्वांत जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउस पहिल्यांदा जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक लहान संच होता. पुढे १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात लॅरी टेस्लर यांनी कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रियांना आजचे वळण दिले. झेड, एक्स, सी, व्ही या कळा तळाच्या ओळीत डाव्या बाजूला एकमेकींना लागून आहेत, त्यामुळे उजवा हात माउसवरून न उचलता त्या दाबता येतात. आडवी मांडणी, तक्ते, चित्रे असलेल्या कामात ही पद्धत खरोखरच जलद आहे. अडचण येते ती आपल्या लिपीत. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. उजवा हात माउसवर असेल तर डाव्या हाताने काना-मात्रा देता येतात, पण त्या ज्याला द्यायच्या ते अक्षर टंकित करता येत नाही. बॅकस्पेसही उजव्या टोकाला. एकेका अक्षरासाठी हात माउसवरून उचलायचा, परत ठेवायचा आणि मध्येच कर्सर कोठे होता ते शोधायचे, या येरझाऱ्यांना मी कंटाळलो. रोमनमधून टंकित करणाऱ्यांनाही उजवा हात लागतोच, मात्र त्यांची अडचण इतकी नेमकी दोन भागांत वाटलेली नसते.

माउसशिवाय मी करूच शकत नाही अशी कामे आहेत. संपूर्ण दस्तातील साक्षीदारांची नावे एकदम ठळक करायची असतील, तर कंट्रोल दाबून धरून प्रत्येक नावावर दोनदा क्लिक करत जावे आणि शेवटी एकदाच कंट्रोल-बी दाबावे. विखुरलेला मजकूर एका वेळी असा वेचण्याइतका सरळ मार्ग मला कीबोर्डवर सापडलेला नाही. हाताने घातलेले अनुक्रमांक काढताना ऑल्ट दाबून उभा पट्टा निवडता येतो. स्वरूपाची नक्कल करणाऱ्या कुंचल्याचे (फॉरमॅट पेंटरचे) चिन्ह दोनदा क्लिक केले की तो चिकटून राहतो आणि शीर्षकांमागून शीर्षकांना तेच स्वरूप देता येते. आणि नुसते वाचायचे असेल तेव्हा माउसच्या चाकाइतके सुखाचे दुसरे काही नाही.

ज्याला दिवसातून अर्धा तास दुरुस्ती करावी लागते, त्याने माउसच ठेवावा असे मला वाटते. एफ८ आणि बाणांच्या जोड्या शिकण्यात जाणारे दोन-तीन आठवडे त्याला परत मिळणार नाहीत. पत्रके, जाहिराती, तक्ते असे काम असेल तर मिश्र पद्धत. पण ज्याच्यापुढे दिवसभर सलग मराठी मजकूर असतो, आणि एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अर्थ फिरतो असे कागद ज्याच्या हातून जातात, त्याने निदान एक महिना माउस दूर ठेवून पाहावा. सर्व कळा एकदम पाठ करण्याची गरज नाही. मी आरंभ केला तो ऑल्ट-शिफ्ट-बाण, बॅकस्पेस-डिलीटचा फरक आणि कंट्रोल-बॅकस्पेसने मागचा शब्द पुसणे एवढ्यावर. एफ८ त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आले. विंडोज-व्ही दाबून शेवटच्या पंचवीस नकला पाहण्याची सोय विंडोज १० मध्ये २०१८ साली आली, ती चालू करून ठेवली तर कोणत्याही पद्धतीत लाभच आहे.

वकीलसाहेब अजूनही माउसच वापरतात, आणि त्यांच्या संगणकावर बसलो की मी प्रथम ऑप्शन्समधील ती खूण काढतो. उठताना परत लावून ठेवतो, कारण त्यांचा हात त्या सोयीवर बसलेला आहे आणि त्यांच्या हातून आजवर एकही दिशा हरवलेली नाही.